दापोली तालुक्यातील प्रौढ बौद्धिक दिव्यांगांचे निवासकेंद्र : एका बहिणीचा अभिप्राय

माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम असून त्याने नुकतीच चाळिशी ओलांडली आहे. विशेष शाळा अठराव्या वर्षी संपली आणि त्यानंतर त्याच्यासाठी घराबाहेर फारसे काही उरले नाही. आईवडील थकल्यावर तो दापोली तालुक्यातील या निवासकेंद्रात राहू लागला. तेथील रहिवाशांची ओळख उघड होऊ नये म्हणून संस्थेचे नाव देत नाही.

केंद्राची सर्वांत जमेची बाजू म्हणजे त्याची जागा. ते गावाबाहेरच्या माळावर कुंपण घालून वसवलेले नाही. वाडीतच, चिऱ्याच्या कौलारू घरात आहे. रहिवासी गिरणीवर दळण घेऊन जातात, दुकानातून सामान आणतात आणि शिमग्यात पालखी अंगणात आली की इतर घरांप्रमाणे तिची ओटी भरतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५ ने त्यांना समाजात राहण्याचा हक्क दिला असून एखाद्या ठरावीक निवासव्यवस्थेतच राहण्याची सक्ती त्यांच्यावर करता येत नाही. येथे तो हक्क निदान दिवसाउजेडी पाळला जातो. सकाळी कोणता सदरा घालायचा, भाताबरोबर आमटी घ्यायची की सोलकढी, हे ज्याचे तोच ठरवतो. ही बाब क्षुल्लक वाटणाऱ्यांनी एखाद्या मोठ्या वसतिगृहात सर्वांना एकाच मापाचे कपडे वाटले जाताना पाहावे.

कामाची आखणीही विचारपूर्वक केलेली दिसते. काजूच्या टरफलातील तेलाने कातडी भाजते, म्हणून बी फोडण्याचे काम रहिवाशांना देत नाहीत; गरावरची तांबूस साल काढणे आणि अख्खे गर व पाकळ्या वेगळ्या करणे ही कामे ते करतात. उन्हाळ्यात आमसुले वाळवणे, एरवी माडाच्या झापांचे हीर काढून खराटे बांधणे चालते. वेग कमी असला तरी माल चोख असतो आणि तो दयेपोटी नव्हे, तर चांगला म्हणून बाजारात खपतो. मानधन मात्र पालकांच्या हाती दिले जाते, हे मला अजिबात पटत नाही. माझ्या भावाला हिशेब जमत नाही, पण स्वतःच्या पैशाने चहा आणि भजी घेण्यातला आनंद त्याला पुरेपूर कळतो. हे व्यवस्थापनाला सांगितले, तेव्हा विचार करू असे उत्तर मिळाले. तो विचार अद्याप चालू आहे.

आरोग्याच्या बाबतीत येथील दक्षता वाखाणण्याजोगी आहे. डाउन सिंड्रोम असलेल्यांमध्ये थायरॉइडचे विकार अधिक आढळतात आणि चाळिशीनंतर स्मृतिभ्रंशाचा धोकाही लवकर सुरू होतो. त्यामुळे येत असलेले काम अचानक विसरणे किंवा गप्प बसून राहणे हा हट्ट आहे, असे समजून सोडून देणे घातक ठरते. भावाला सदऱ्याची बटणे लावणे जड जाऊ लागले, तेव्हा येथील ताईंनी ते वहीत नोंदवून आधी थायरॉइडची तपासणी करून घेतली. पावसाळ्यात वाटा बंद होतात हे जाणून आकडीची औषधे आगाऊ भरून ठेवलेली असतात. बौद्धिक व तत्सम दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण मिळते. तिचे अर्जही केंद्रच भरून देते.

रात्रीची व्यवस्था ही येथील खरी उणीव होय. संपूर्ण घराला एकच मदतनीस असते, तीही दिवसभर राबून थकलेली. एकाच वेळी दोघांना आकडी आली तर काय, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. स्त्रियांच्या न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नाही. सुरक्षिततेचे कारण सांगितले जाते, परंतु गरज पडल्यास बाहेरूनही उघडता येईल अशी कडी कोणताही सुतार बसवून देईल.

आपल्या पश्चात कोण, या प्रश्नावर केंद्र पालकांना पोकळ धीर देत नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते, नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्या पालकाला दिव्यांग व्यक्तीच्या मालमत्तेची यादी सादर करावी लागते आणि पुढे दरवर्षी हिशेबही द्यावा लागतो, हे सारे प्रवेशाच्या वेळीच समजावून सांगितले जाते. वडिलोपार्जित कलमांच्या बागेत भावाचा हिस्सा असल्याने आमच्या घरात या माहितीचे मोल मोठे होते. काही नातेवाइकांना ती रुचली नाही, हेही नमूद करते.

प्रवेशासाठी प्रतीक्षायादी मोठी आहे. आपल्या माणसाला आधी काही दिवस राहून पाहण्याची मुभा मिळते. ती अवश्य घ्यावी, शक्यतो आषाढात, म्हणजे वीज गेलेल्या रात्री घर कसे चालते तेही कळेल. निर्णय मात्र तेथे राहणाऱ्यालाच विचारावा. माझ्या भावाने होकार देण्यापूर्वी खिडकीजवळची खाट मागून घेतली होती आणि ती त्याला मिळाली.