कळसूबाई उतरल्यावरची भाकरी : बारी गावातलं घरगुती जेवण

कळसूबाईच्या पायथ्याला, बारी गावात, आधी सांगून ठेवलं तर बऱ्याच घरांत जेवण मिळतं. पिठलं, नागलीची (म्हणजे नाचणीची) नाहीतर तांदळाची भाकरी, मिरचीचा ठेचा, वरण-भात, कांदा. पाऊस नुकता उघडलेला असताना १,६४६ मीटरचं शिखर करून खाली आल्यावर यापरतं दुसरं ताट नाही. ते बिघडतं ते बहुतेक वेळा आपणच वेळ चुकीची सांगितल्यामुळे.

नागलीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते कढत पाण्यात मळतात. थापलेली भाकरी तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची, आणि शेवटी चुलीच्या निखाऱ्यांपाशी टेकवून फुगवायची. पापुद्रा सुटलेली ती भाकरी लगेच खावी. अर्ध्या तासाने ती कडक होते आणि पिठल्याची वडी.

कोरड्या दिवशी चढायला तीन तास, उतरायला दोन-अडीच. पावसानंतर उतरणच जास्त वेळ खाते. वाटेवरचा चिखल बुटांच्या तळाला बसतो आणि तोच पुढे लोखंडी शिड्यांच्या पायऱ्यांवर लागतो. शिडीआधी खरबरीत दगडावर बूट घासून घ्या. उतरताना तोंड शिडीकडे, दोन्ही हात कठड्याला, काठी सॅकला बांधलेली. दोघंच असाल तर पहिला खाली उतरून बाजूला होईपर्यंत दुसऱ्याने पाय टाकू नये. रविवारी शिड्यांपाशी रांग लागते, तिचा तास वेगळा धरा. म्हणजे सकाळी सहाला निघणाऱ्यांनी जेवायला एक नव्हे, दोन वाजता येतो म्हणून सांगावं. ‘आम्ही आल्यावरच भाकऱ्या टाका’ हेही निघतानाच सांगून ठेवा. वाटेत फोनला रेंज मिळेलच असं नाही. त्याच कारणाने सुटे पैसे रोख जवळ असू द्या.

वाटेवरच्या टपऱ्यांवर लिंबू सरबत, तिखट-मीठ लावलेली काकडी आणि चहा जरूर घ्या. भजी मात्र पावसाळी दिवशी टाळलेली बरी. लाकडं ओली असली की जाळ धरत नाही, तेल पुरतं तापत नाही, आणि भजी तेल पितात. वर मॅगी खाऊन पोट भरलं तर खालच्या ताटाचा अपमानच.

दोघांसाठी छोटं घर निवडा. ट्रेकच्या बसगाड्या थांबतात तिथे चाळीस-पन्नास ताटांचा स्वयंपाक असतो, त्यामुळे भाकऱ्या आधीच करून दुरडीत रचाव्या लागतात. वाफ कोंडून खालच्या भाकऱ्या ओल्या पडतात. छोट्या घरात चुलीजवळ बसायला मिळतं आणि भाकरी एकेक करून ताटात येते. बूट तेवढे बाहेर काढा, जमीन सारवलेली असते.