एलायझा कुठली बघावी : १९३८ची की १९६४ची?

'ती फुलराणी' जवळजवळ पाठ असलेल्या माणसाला कधी ना कधी तिचं इंग्रजी मूळ, म्हणजे बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकावरचा चित्रपट, बघायची हुक्की येतेच. माझ्या भाचीला गेल्या महिन्यात आली. "मामा, 'माय फेअर लेडी' बघू की तो जुना काळा-पांढरा 'पिग्मॅलियन'? एकच रविवार मोकळा आहे, दोन्ही होणार नाहीत."

मी तिला १९३८चा 'पिग्मॅलियन' बघ म्हणालो. तिला धक्का बसला, कारण नाव सगळीकडे दुसऱ्याचंच, १९६४च्या 'माय फेअर लेडी'चं. तिला फोनवर अर्धवट सांगितलं ते इथे नीट सांगतो.

आधी माझा पूर्वग्रह कबूल करतो. आमच्या घरी 'माय फेअर लेडी'च्या मूळ रंगमंचीय रूपाच्या, १९५६च्या ब्रॉडवे प्रयोगाच्या, गाण्यांची कॅसेट होती. शुद्ध बोलायला शिकवणारा प्रोफेसर हिगिन्स रेक्स हॅरिसनचा आणि ते शिकणारी फुलवाली एलायझा ज्यूली अँड्र्यूजची. कॅसेट झिजेपर्यंत ऐकली. 'माय फेअर लेडी' हा चित्रपट पाहायला मिळाला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि मी पाटावर बसलेल्या पाहुण्यासारखा सरसावून बसलो होतो. १७० मिनिटांनी उठलो तेव्हा पाय आखडले होते आणि पोट काही भरलं नव्हतं.

खर्चात कुठे काटकसर नव्हती. वॉर्नर ब्रदर्सने नुसत्या हक्कांसाठी ५५ लाख डॉलर मोजले, चित्रपटावर एकूण १ कोटी ७० लाखांच्या आसपास. जॉर्ज कुकर दिग्दर्शक. आठ ऑस्कर, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही. पण सगळं लंडन कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत उभं केलेलं, आणि ते दिसतं. कॉव्हेंट गार्डनच्या भाजीबाजारातली घाणसुद्धा इस्त्री केल्यासारखी. त्या घाणीत ऑड्री हेपबर्न बसलेली. गालाला काजळी फासली म्हणून ती फुलवाली वाटत नाही. राजकन्येने गॅदरिंगमध्ये भिकारणीचं काम केल्यासारखं वाटतं. त्यामुळे पुढे ती 'लेडी' झाल्याचं आश्चर्य वाटायला जागाच उरत नाही. ती पहिल्यापासून तशीच आहे.

तरी खरी मेख आवाजात आहे. हेपबर्नची जवळजवळ सगळी गाणी मार्नी निक्सनने गायली. आता तुम्ही म्हणाल, पार्श्वगायनाचं कौतुक आपल्याला कोण सांगतो? आपण लताबाईंच्या आवाजात तीन पिढ्यांच्या नायिका पाहिल्या आणि एकदाही कुरकुर केली नाही. खरं आहे. पण आपल्याकडे तो उघड व्यवहार होता. पाटीवर नाव असायचं. निक्सनचं नाव चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाही. शिवाय ही गोष्टच मुळी एका मुलीच्या आवाजाची आहे. तिची बोली, तिचे उच्चार, तिच्या तोंडून निघणारा 'ह'. ज्या कथेत सगळं नाट्य नायिकेच्या गळ्यात आहे, तिथेच गळा उसना. आणि याच चित्रपटात हॅरिसनने आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांवर ओठ हलवायला नकार दिला, म्हणून त्याच्या टायमध्ये बिनतारी माइक लपवून त्याचं गाणं थेट सेटवर घेतलं. प्रोफेसरचा श्वासन्श्वास खरा, एलायझाचा मात्र नाही. शॉला हे कळलं असतं तर त्याने यावरच एक नाटक लिहिलं असतं.

'जस्ट यू वेट' ऐका. एलायझा हिगिन्सला मनातल्या मनात शिव्याशाप देते ते गाणं. सुरुवातीचा रागीट, खरखरीत भाग हेपबर्नचा स्वतःचा आहे आणि तो झकास जमलाय. मग सूर वर चढतो आणि आत कोणीतरी दुसरीच येऊन उभी राहते. सांधा लपत नाही. आपल्या 'तुला शिकवीन चांगलाच धडा'चं नातं याच जागेशी लागतं. पण पुलंनी तिथे स्वगत ठेवलं, आणि भक्ती बर्व्यांनी ते एकटीच्या आवाजावर पेललं.

आता १९३८चा 'पिग्मॅलियन'. दीड तासाच्या आसपास, गाणी शून्य. दिग्दर्शन अँथनी अ‍ॅस्क्विथ आणि लेस्ली हॉवर्ड यांचं, हिगिन्सही हॉवर्डच. वेंडी हिलरने एलायझा त्याआधी रंगभूमीवर केलेली होती, आणि ती कोपऱ्यात आडवी-तिडवी किंचाळते तेव्हा आपण खरंच दचकतो. नंतर हिगिन्सच्या आईकडे चहाला येऊन ती हवापाण्याबद्दल शुद्ध उच्चारात बोलते आणि त्याच शुद्ध उच्चारात मावशीला घरच्यांनीच कसं मारलं असावं ते सांगते, तो प्रसंग मी कितीही वेळा बघू शकतो. संकलन डेव्हिड लीनचं, तोवर तो दिग्दर्शक झालेला नव्हता. एलायझाच्या शिकवणीचे तुकडे कसे कापलेत ते बघा. स्पेनमधल्या पावसाची ती प्रसिद्ध ओळही याच चित्रपटासाठी आली, मूळ नाटकात ती नाही. पटकथेसाठी ऑस्कर मिळाला त्यांत खुद्द शॉही होता. गंमत म्हणजे दोन्ही चित्रपटांचा छायाचित्रकार एकच, हॅरी स्ट्रॅडलिंग. एकदा माणसांचे चेहरे टिपले, एकदा टोप्या.

टोप्यांवरून आठवलं. अ‍ॅस्कटच्या शर्यतीच्या प्रसंगात वेशभूषाकार सेसिल बीटनने सगळ्यांना काळ्या-पांढऱ्या-करड्यात उभं केलंय, घोडे धावून जातात आणि बघणाऱ्यांची भुवईही हलत नाही. तेवढा तुकडा १९६४च्या चित्रपटाचाच, त्याला तोड नाही. कपडेपट, शिवणकाम, वेशभूषा यांत तुम्हाला रस असेल तर माझं वरचं सगळं विसरा आणि तोच लावा. एलायझाचा बाप झालेल्या स्टॅन्ली हॉलोवेसाठीही लावा. ब्रॉडवेवरही तोच होता आणि पडद्यावर आल्या आल्या धुगधुगी परत येते.

शेवटावरून निवड करू नका. शॉने एलायझाला तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी लग्न करून फुलांचं दुकान काढायला लावलं होतं. दोन्ही चित्रपटांत ती परत येते आणि हिगिन्स चपला मागतो. तिथे दोघेही सारखेच घसरलेत.

गाणी हवीत म्हणून 'माय फेअर लेडी'कडे ओढ असेल तर १९५६च्या मूळ संचाचं ध्वनिमुद्रण ऐका, स्वयंपाक करता करता. आणि रविवार हिलरबाईंना द्या.

भाचीने दिला. माझी आई तिच्या शेजारी बसली होती. पाऊण तासाने मेसेज आला, "मामा, आजी विचारतेय, 'तुला शिकवीन' यात कधी येतं?" एवढं एक तिला आधी सांगायला हवं होतं.