पंपाचा जाम कपलर काढायला पुलर कोणता घ्यावा? साधा, हायड्रॉलिक की प्लेटचा

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठावरच्या मोटारींचा कपलर, म्हणजे मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणारा भाग, एकदा बसवला की वर्षानुवर्षं कुणी हलवत नाही. काठावरची ओल, पाण्यातला बारीक गाळ आणि बसवताना कोरड्या शाफ्टवर घातलेले हातोडे यांमुळे तो गंजून शाफ्टशी एकजीव होतो. ऑगस्ट २०१९ सारखं पुराचं पाणी मोटारीवरून गेलं असेल तर विचारूच नका. मग बेअरिंग बदलायची वेळ येते आणि काम नेमकं कपलरपाशी अडतं.

शाफ्टवरून कपलर ओढून काढणारं हत्यार म्हणजे पुलर, आणि तो तीन प्रकारचा मिळतो. आमचा कौल आधीच सांगतो. साडेसात ते वीस एचपीच्या मोटारीला तीन पायांचा आठ इंची साधा पुलर आणि नीट दिलेली उष्णता पुरते. हायड्रॉलिक पुलर रोज हेच काम करणाऱ्या वर्कशॉपनं घ्यावा. शेतकऱ्यानं त्यात पैसे घालू नयेत.

पुलरला हात लावण्याआधी दोन गोष्टी. पहिली म्हणजे वीज. आपल्याकडे थ्री फेज कधी येईल याचा नेम नाही आणि बहुतेक स्टार्टरला ऑटो स्विच असतो, म्हणजे वीज आली की मोटर आपोआप सुरू. नुसता स्विच पाडून भागत नाही. फ्यूज काढून खिशात ठेवा. दुसरी गोष्ट ग्रब स्क्रू, म्हणजे कपलर शाफ्टवर पक्का धरणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू. ‘कपलर जाम झालाय’ म्हणून आलेल्या कितीतरी मोटारींत खरी अडचण हीच असते. चावीच्या (शाफ्ट आणि कपलर एकत्र फिरवणाऱ्या लोखंडी पट्टीच्या) बरोबर वर रंगाखाली किंवा गाळाखाली स्क्रूचं भोक लपलेलं असतं, ते खरवडून काढा. एक स्क्रू निघाला तरी एलन की पुन्हा आत घालून बघा, कारण लॉक म्हणून खाली दुसरा असू शकतो. तो आत राहिला आणि पुलरनं ओढलं, तर शाफ्टवर खोल चर पडते.

आता साधा पुलर. दहा एचपी, १४४० आरपीएमच्या मोटारीचा शाफ्ट ३८ मिमीचा, पंधरा आणि वीस एचपीचा ४२ मिमीचा. या मापांना आठ इंची पुलर बरोबर बसतो. दोन पायांचा घेऊ नका, तो तिरका ओढतो. पाय कपलरच्या बाहेरच्या कानांना कधीच लावायचे नाहीत, हबच्या, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या जाड भागाच्या, मागे लावायचे. कपलर बिडाचा असतो. बीड दाब सोसतं, ताण सोसत नाही. कान तुटून उडाला तर कपलर तर जातोच, डोळाही जाऊ शकतो. चष्मा घाला, पुलरवर जाड किलतान गुंडाळा आणि शाफ्टच्या सरळ रेषेत उभे राहू नका. शाफ्टच्या तोंडाशी मधोमध आट्यांचं भोक असतं. स्क्रूचं टोक थेट त्यात रुतू देऊ नका, मध्ये लोखंडी चकती ठेवा.

पुलर ताणून ठेवायचा आणि थांबायचं. सगळी करामत या थांबण्यात आहे. आदल्या रात्री हबच्या दोन्ही तोंडांशी डब्ल्यूडी-४० किंवा दुसरं गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. सकाळी पुलर ताणा आणि हबवर बाजूनं पितळी ड्रिफ्ट (ठोकायची कांडी) धरून हलके ठोके द्या. शाफ्टच्या तोंडावर घण घालू नका. तो धक्का सरळ आतल्या ६३०८ सारख्या बेअरिंगला बसतो. कपलर निघतो, पण बेअरिंगच्या रेसवर गोळ्यांचे ठसे उमटतात आणि महिनाभरात मोटर घरघरायला लागते.

एवढ्यानं हलला नाही तर उष्णता. कपलरच्या दोन अर्ध्यांमधला स्टार रबर आधी काढा, तेल पुसून घ्या, नाहीतर पेट घेईल. गॅसची टॉर्च हबभोवती सारखी फिरवत ठेवा. एका जागी धरली तर बिडाला तडा जातो. शाफ्टवर, बेअरिंगच्या बाजूला ओला कपडा गुंडाळा. १५० अंशांनी तापल्यावर ३८ मिमीचं भोक साधारण ०.०६ मिमीनं मोठं होतं. शाफ्टची घट्ट बसणी ०.०२ मिमीच्या आत असते, म्हणजे एवढं रग्गड झालं. तापमान बघायला ६०/४० ची सोल्डर वायर हबला टेकवा. ती १९० अंशांच्या आसपास वितळते. वितळली की टॉर्च बाजूला. उष्णता शाफ्टमध्ये उतरायच्या आत ओढून काढायचा, उशीर केला तर शाफ्टही फुगतो आणि सगळी मेहनत वाया. तापलेल्या बिडावर पाणी मारू नका.

हायड्रॉलिक पुलरबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. दहा टनी म्हणजे जास्त जोर, म्हणजे जास्त चांगला, असं वाटतं. साध्या पुलरवर पान्याला किती जोर लागतोय ते हाताला कळतं. हायड्रॉलिकचं हँडल दोन बोटांनी हलतं आणि आत टनांनी दाब चढत असतो. बिडाचा कपलर आधी न कुरकुरता तुटतो. वर त्याचे पाय जाड. मोटारीचं कव्हर आणि हब यांच्यात बारा-पंधरा मिमी जागा असली तर ते आत शिरतच नाहीत. घेतलाच असेल तर स्पिंडल आधी हातानं फिरवून शाफ्टला टेकवा, मगच पंप मारा, नाहीतर स्ट्रोक अर्ध्यातच संपतो. स्टीलच्या मोठ्या कपलरला मात्र त्याच्यासारखं हत्यार नाही.

मागे जागाच नसेल तर प्लेटचा पुलर, आणि इथे बेळगावचं नशीब चांगलं आहे. उद्यमबाग या तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही मशीन शॉपला २० मिमी जाडीची लोखंडी प्लेट, मध्ये एम-२० चा बोल्ट आणि दोन बाजूंना एम-१० ची भोकं एवढं सांगितलं की पुरे. कपलरच्या तोंडावर समोरासमोर, चावीच्या गाळ्यापासून काटकोनात दोन भोकं पाडायची. ड्रिल ८.५ मिमीचं, खोली किमान २० मिमी, मग आटे पाडायला एम-१० चा टॅप. हबची भिंत १८ मिमीपेक्षा बारीक असेल तर एम-८ वर या. बोल्ट ८.८ ग्रेडचेच घ्या. एम-१० चा असा एक बोल्ट साधारण ३.४ टन ताण झेलतो, त्यामुळे मधला बोल्ट आवळताना घाई नको. ओढ हबच्या अंगातून सरळ जाते, म्हणून कान तुटायचा धोका राहत नाही. शिवाय ही भोकं कायमची कामाला येतात. नवा कपलर बसवायच्या आधीच ती पाडून, ग्रीस भरून, बोल्ट लावून बंद करून ठेवा.

बसवताना शाफ्ट ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं साफ करा, चावीच्या गाळ्याची धार कानशीनं मारा, कॉपर किंवा ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात द्या. कपलर तेलात १२० अंशांपर्यंत तापवला की हातमोजे घालून सरळ सरकतो, हातोडा लागत नाही. दोन्ही अर्ध्यांत २ ते ३ मिमी फट ठेवा, पट्टी आणि फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) चारी बाजूंना तपासा, आणि फरक ०.१ मिमीच्या आत आल्यावरच फाउंडेशनचे बोल्ट शेवटचे आवळा.