गाडीच्या इन्शुरन्समध्ये झिरो डेप (पार्टच्या झिजेचे पैसे न कापणारं कव्हर) घेतलं की झालं असं वाटायचं, मग पाणी आलं

गाडी पेट्रोल, ११९७ सीसी, २०२१ च्या मे मधली. शोरूमची तीन वर्षांची थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा सक्तीचा विमा) संपली म्हणून २०२४ ला ऑनलाइन फुल इन्शुरन्स काढला, कंपनीचं नाव नाही घेत. थर्ड पार्टीत घासाघीस करायला काही नसतं, दर सरकार ठरवतं, १००० ते १५०० सीसीला तेव्हा ३,४१६ अधिक जीएसटी होते, कुठेही जा तेवढेच. खेळ सगळा बाकीच्यात. साइटवर सगळ्यात स्वस्त दिसत होतं तिथे आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) गुपचूप खाली ओढलेला, म्हणजे गाडी चोरीला गेली की हातात तेवढेच कमी, ते तेवढं मी बघितलं आणि वर केला. पण इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून इंजिन मोडलं तर भरून देणारं जादा कव्हर) मात्र काढून टाकलं, हजारभर वाचतील म्हणून. आपलं पुणे, इथे कुठे पूर येतोय!

२५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकता नगरीत आमच्या पार्किंगमध्ये सीटपर्यंत आलं. पाणी उतरल्यावर खालच्या काकांनी "बघू तरी चालू होते का" म्हणून त्यांच्या गाडीची किल्ली फिरवली, झालं, इंजिनने पाणी ओढलं आणि रॉड वाकले. त्यांच्याकडेही इंजिन प्रोटेक्ट नव्हतं, कंपनीने सरळ सांगितलं की पुरात भिजलं ते देऊ पण तुम्ही स्टार्ट करून मोडलं ते नाही. मी किल्लीला हातच लावला नाही, बॅटरीची वायर काढली, चारही बाजूंनी फोटो काढले आणि टोइंगवाल्याला फोन. हे शहाणपण माझं नाही बरं का, मेव्हणा गॅरेजवाला आहे.

नुकसान तपासणारा कंपनीचा सर्व्हेअर पाचव्या दिवशी उगवला, तोवर आतून ओल्या गोणपाटासारखा वास. झिरो डेप होतं म्हणून दाराचं ट्रिम आणि बाकी प्लास्टिक-रबर पूर्ण मिळालं, नाहीतर त्यातले निम्मे पैसे आपलेच जातात. माझ्या पॉलिसीत टायर-बॅटरी झिरो डेपच्या बाहेर आहे हे मात्र गॅरेजात कळलं. ऑइल, कूलंट, क्लिपा, नट-बोल्ट असलं कन्झ्युमेबलमध्ये जातं तेही कापलं, वर १००० कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधले आपण भरायचेच. पैसे दिले, खोटं कशाला बोलू, पण फोन कोणी उचलेल तर शपथ.

आणि ३५ टक्के एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, तोही गेला. आधी बंपरला ओरखडा आला तेव्हा २,२०० खिशातून घातले होते तो वाचवायला! तो तसाही फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही.

५ पैकी ३ स्टार, त्यातला एक सर्व्हेअर निदान नीट बोलला म्हणून.

यंदा रिन्यूअलला इंजिन प्रोटेक्ट आणि कन्झ्युमेबल दोन्ही टाकलं, रोडसाइड असिस्टन्स काढलं कारण ते गाडीच्या कंपनीकडून आहेच. कॉलवरची पोरगी म्हणाली सर आयडीव्ही थोडा कमी केला तर साडेसहाशे वाचतील. म्हटलं ताई, राहू दे.