ऑफिसात येणारा फळांचा डबा: पित्ताची गोळी चालू असताना २ महिने खाल्ला, त्याचा अनुभव

डिसेंबरात छातीतली जळजळ इतकी वाढली की रात्री झोपेतून उठून बसावं लागायचं, आंबट पाणी घशाशी यायचं, शेवटी एंडोस्कोपी केली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज निघाली आणि डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल ४० लिहून दिली, ८ आठवडे, सकाळी अनशापोटी. निघताना विचारलं फळं चालतील का, तर म्हणाले चालतील की, आंबट तेवढं जरा सांभाळून. या "सांभाळून"मध्ये काय काय येतं ते मला या डब्याने शिकवलं, म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

आमच्या बाणेरच्या ऑफिसात एक नवराबायको मिळून कापलेल्या फळांचे डबे देतात. महिन्याचे २४ डबे, १८०० रुपये, साडेअकराच्या सुमारास रिसेप्शनला येतात. फळांच्या दर्जाबद्दल काही म्हणजे काही तक्रार नाही. पपई पिकलेली पण घट्ट, बिया नीट खरवडलेल्या, चिकूची साल काढलेली, कलिंगड कधी पांचट निघालं नाही. डबा स्टीलचा, दुसऱ्या दिवशी परत द्यायचा, प्लॅस्टिकचा पसारा नाही. हे मला फार आवडलं.

पण पहिल्या आठवड्यात दुपारी ३ वाजले की जळजळ सुरू. अननस, मोसंबी, स्ट्रॉबेरी ज्या दिवशी होती त्या दिवशीचं समजू शकते, पण सफरचंद-पपईच्या दिवशीही तेच. मला वाटलं गोळीच लागू पडत नाहीये. मग एक दिवस सफरचंदाची फोड नुसती जिभेला लावून बघितली तर चक्क लिंबू! डब्याच्या तळाशी फिकट पाणी साचलेलं असायचं ते फळांचं नव्हतं, लिंबाचं होतं, आणि वरून चाट मसाला, त्यातही आमचूर. फोडी काळ्या पडू नयेत म्हणून सगळ्याच डब्यांवर लिंबू मारायचे.

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, माझाही झाला होता. गोळी आपल्या पोटात तयार होणारं ॲसिड कमी करते. लिंबा-अननसात मुळातच जो आंबटपणा आहे त्याला ती काही करत नाही, आणि तो पोटात पोचायच्या आधी त्या सुजलेल्या नळीवरूनच खाली जातो. जखमेवर लिंबू पिळल्यासारखंच ते. म्हणून "गोळी घेतलीये ना, मग खा काहीही" असं जे घरोघरी म्हणतात ते मला आता ऐकवत नाही.

व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला, लिंबू मसाला नको, आंबट फळं नकोत. "हो ताई" असा रिप्लाय आला आणि पुढचे २ दिवस परत तोच डबा. याचा मला खरंच राग आला, कारण माझ्यासाठी हा आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. तिसऱ्या दिवशी फोन केला, सूज आहे, औषध चालू आहे असं सगळं सांगितलं, तेव्हा त्या ताई म्हणाल्या, "अहो आधी सांगायचं ना, माझ्या सासऱ्यांनाही हीच गोळी आहे." त्यानंतर एकदाही चूक नाही. झाकणावर स्केचपेनने माझं नाव आणि "बिनलिंबू" लिहून यायचं, सफरचंद न कापता अख्खं, सोबत एक केळं, आणि डब्यात पपई, खरबूज, कलिंगड किंवा चिकू. ३-४ दिवसांत दुपारची जळजळ गेली. माझं तरी असं झालं, प्रत्येकाला वेगळं फळ बाधू शकतं, एका मैत्रिणीला केळ्यानेच ढेकरा येतात.

वेळ मात्र आपली आपणच सांभाळायची. मी गोळी सातला पाण्याबरोबर गिळते आणि पाऊण तासाने नाश्ता. ही गोळी खाण्याच्या अर्धा ते एक तास आधीच घ्यायची असते, कारण जेवायला लागलं की पोटातले ॲसिड सोडणारे पंप चालू होतात आणि तेव्हा औषध रक्तात हजर असावं लागतं. वरचं आवरण पोटातल्या ॲसिडपासून तिला वाचवायला असतं, म्हणून चावायची-कुटायची नाही. आमच्या टीममधला एक जण केळ्यात खुपसून खायचा, गिळताना अडकते म्हणून! त्याला म्हटलं डॉक्टरांना विचार बाबा, दुसरं काहीतरी देतील.

आणखी एक, २-३ वेळा उरलेला डबा घरी आणून रात्री १०ला खाल्ला आणि लगेच आडवी झाले. पपई असूनही आंबट पाणी वर आलंच. झोपायच्या आधी २-३ तास पोटात काही नको, मग ते फळ असलं तरी.

संत्री बंद झाल्यावर व्हिटॅमिन सीचं काय अशी काळजी होती, त्यावर पेरू मागून घेतला. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलीग्रॅमच्या वर सी असतं, संत्र्यात साधारण ५०. पिकलेला, बिया काढलेला, मीठ-तिखट न लावलेला पेरू मला छान सोसला. ज्यांच्या घरी आईवडलांची ही गोळी वर्षानुवर्षं चालू आहे त्यांना मात्र कळकळीने सांगते, बी१२ एकदा तपासून घ्या, दीर्घकाळ घेतली तर ते कमी होऊ शकतं आणि फळांतून ते मिळत नाही.

माझ्याकडून ५ पैकी ४. एक कापला तो त्या २ दिवसांसाठी, आणि ऑर्डर घेताना कुणी "काही औषध चालू आहे का" एवढं विचारत नाही त्यासाठी. गेल्या आठवड्यात गोळ्यांचा कोर्स संपला, डबा चालू ठेवलाय. ताईंनी विचारलं आता लिंबू मारू का, म्हटलं नको, आहे तसाच द्या, फक्त शुक्रवारी ४ फोडी अननसाच्या घाला, वेगळ्या वाटीत.