अंबरनाथच्या शिवमंदिराची वारसाफेरी : एक अनुभव

अंबरनाथचे शिवमंदिर मी लहानपणापासून पाहत आले, पण ते महाशिवरात्रीच्या रांगेतून. त्यामुळे पिंडीचे दर्शन दरवर्षी घडले आणि मंदिर मात्र पाहायचे राहून गेले. ही उणीव ठाण्याहून निघणाऱ्या एका वारसाफेरीने गेल्या रविवारी भरून काढली.

फेरीची सुरुवात मासुंदा तलावाकाठच्या कौपिनेश्वरापाशी होते आणि ती तिथेच होणे उचित आहे, कारण उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळात ठाणे, म्हणजे त्या वेळचे श्रीस्थानक, हे त्यांच्या राज्यातले प्रमुख नगर होते. तेथून लोकलने अंबरनाथ आणि पुढे रिक्षाने वालधुनीचा काठ. नदीची आजची अवस्था पाहून मन खिन्न होते.

मंदिरापाशी पोहोचल्यावर मार्गदर्शक ताईंनी आम्हांला लगेच आत नेले नाही. मंदिर पश्चिमाभिमुख असल्याने सकाळचे ऊन मागच्या भिंतीवर येते, म्हणून आधी तिकडे नेऊन त्यांनी आम्हांला काही वेळ न बोलता उभे केले. भिंतीला इतके कोन काढलेले आहेत की उन्हाबरोबर सावल्यांच्या उभ्या रेघा सरकत जातात आणि काळ्या बेसॉल्टमधल्या मूर्ती एकेक करून पुढे येतात. मग त्यांनी भूमिज शैली समजावली : शिखराच्या चार बाजूंना खालून वर जाणाऱ्या लता, म्हणजे कोरीव उभे पट्टे, आणि त्यांच्यामधल्या जागेत एकावर एक रचलेली लहान लहान शिखरे. येथील शिखराचा वरचा भाग आज उरलेला नाही, तरीही खालची ओळ डोळ्यांनी वर नेली की पूर्ण आकार मनात उभा राहतो. ही दृष्टी मला कोणत्याही माहितीफलकाने दिली नव्हती.

आतील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष आणि शिलाहार राजा माम्वाणीचे नाव येते. सभामंडपातून पायऱ्या उतरून आपण खोल गाभाऱ्यात जातो आणि वर पाहतो तो उघडे आकाश दिसते. तिथे ताईंनी व्याख्यान थांबवले, याबद्दल मी त्यांची विशेष ऋणी आहे.

उणिवा दोन. पंचवीस जणांचा गट या मंडपासाठी फार मोठा आहे. मागे उभ्या असलेल्यांना खांबांवरचे कोरीवकाम दिसतही नव्हते आणि पूजेला आलेल्या भाविकांची वाट अडत होती. दुसरे असे की, उंचावरच्या मूर्ती पाहण्यासाठी आयोजकांनी निदान दोन दुर्बिणी ठेवायला हव्यात. माणशी पाचशे रुपये शुल्क मला योग्य वाटले, मात्र त्यात रेल्वेचे तिकीट आणि रिक्षाभाडे धरलेले नाही, हे नोंदणीच्या वेळीच सांगावे. पश्चिमेकडील प्रवेशाची बाजू दुपारच्या उन्हात उजळते, तेव्हा अशीच एक फेरी दुपारी काढावी अशी विनंती मी आयोजकांना केली आहे. ती निघाली, तर मी आईला घेऊन पुन्हा जाणार आहे.