पेपर कुठे पाठवायचा: सोसायटीच्या जर्नलकडे की मोठ्या प्रकाशकाकडे?

पीएच.डी.चा पहिला पेपर लिहून झाला की आमच्या बडोद्यातल्या केमिस्ट्रीच्या मुलांचं जर्नल शोधणं सुरू होतं. इम्पॅक्ट फॅक्टर आणि क्वार्टाइल ही जर्नलचा दर्जा मोजायची मापं, स्कोपस या सूचीत ते आहे की नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं, म्हणून त्यात मी शिरत नाही. त्यांच्या एक्सेल शीटमध्ये एक रकाना मात्र सहसा नसतो: जर्नल कोणाच्या मालकीचं आहे, शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या म्हणजे सोसायटीच्या की व्यापारी प्रकाशकाच्या. मी दोन्हीकडे पेपर दिले आहेत, दोन्हीकडचे पेपर तपासलेही आहेत. माझ्या अनुभवापुरतं बोलायचं तर निवडीच्या वेळी तो रकाना आधी बघावा.

मोठ्या व्यापारी प्रकाशकांच्या बाजूने बरंच काही आहे. त्यांची पोर्टल सरळ चालतात, पेपर कुठल्या टप्प्यावर आहे ते कळतं, निर्णय बहुधा लवकर येतो. जर्नलं इतकी असतात की कुठल्याही विषयाला जागा सापडते. बढतीच्या मुलाखतीत समितीला ती नावं ओळखीची असतात, आणि २०२५च्या फेब्रुवारीत यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, बंद केल्यापासून या ओळखीचं वजन वाढलंय असं मला वाटतं. घाई असलेल्या माणसाला मी यावरून नावं ठेवणार नाही.

मला खटकली ती ट्रान्सफरची पत्रं, म्हणजे नाकारलेला पेपर त्याच प्रकाशकाच्या दुसऱ्या जर्नलकडे वळवा असं सुचवणारी. एका विद्यार्थिनीचं उत्प्रेरकावरचं काम आम्ही एका मोठ्या प्रकाशकाच्या जर्नलला दिलं होतं. रिव्ह्यूला, म्हणजे तज्ज्ञांकडे तपासायला, न पाठवताच नकार आला. त्याबद्दल तक्रार नाही, एडिटरचा तो अधिकार आहे. पण नकाराचं कारण दीड ओळीत होतं आणि त्याखाली त्याच घरच्या दुसऱ्या जर्नलची शिफारस दोन परिच्छेद भरून. फायली आपोआप जातील, पुन्हा काही भरावं लागणार नाही, फक्त बटण दाबा. ते दुसरं जर्नल पूर्ण ओपन ॲक्सेस, म्हणजे वाचकाला फुकट पण छापायची फी लेखकाकडून, ती तीन हजार डॉलरच्या आसपास. म्हणजे अडीच लाख रुपये. जेआरएफ ही संशोधक विद्यार्थ्याची फेलोशिप महिना ३७ हजार रुपये, तेव्हा ही तिची जवळजवळ सात महिन्यांची फेलोशिप झाली. आम्ही उत्तर दिलं नाही तर आठवणीची मेल आली, मग आणखी एका जर्नलचं नाव आलं. तिच्या आकड्यांबद्दल, स्पेक्ट्राबद्दल, निष्कर्षाबद्दल या सगळ्या पत्रव्यवहारात कोणी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

यात कुणा एका एडिटरचा दोष मी मानत नाही. वाचनालयांच्या वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलला पेपर नाकारला म्हणून थेट तोटा होत नाही. फीवर चालणाऱ्या घरात मात्र बाहेर गेलेला प्रत्येक पेपर म्हणजे गेलेली फी. तो घरातच कुठेतरी बसवावा असं वाटणं साहजिक आहे. पण ज्या मुलीला सबमिशनची तारीख गाठायचीय, तिच्यापुढे ते बटण ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

तोच पेपर पुढे एका सोसायटीच्या जर्नलला दिला. वेळ जास्त लागला, हे कबूल. पण उत्तर आलं ते स्वतः प्रयोगशाळा चालवणाऱ्या एडिटरचं. हॉट फिल्ट्रेशन करून, म्हणजे अभिक्रिया चालू असताना गरम मिश्रणातून उत्प्रेरक गाळून, पाहा, धातू द्रावणात उतरून तोच काम करत नाही ना याची खात्री द्या, असं त्यांनी लिहिलं होतं. तिने ते केलं आणि पेपर सुधारला. फी शून्य, कारण तो वर्गणीच्या मार्गाने छापला गेला.

सोसायटीचा नफा भागधारकांकडे जात नाही, तो त्याच विषयात परत येतो: परिषदा, विद्यार्थ्यांना प्रवासखर्च, शाळांमधले उपक्रम. लंडनची केमिकल सोसायटी १८४१ची. तिच्यासह चार संस्था एकत्र येऊन १९८० साली रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री झाली, आणि आजही ती धर्मादाय संस्था म्हणून चालते. आपल्याकडे सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली बंगळूरला इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस स्थापली. तिचं जर्नल ऑफ केमिकल सायन्सेस लेखकाकडून छपाईची फी मागत नाही आणि पेपर ॲकॅडमीच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात. २००७पासून वितरणासाठी स्प्रिंगरशी करार आहे, पण एडिटर ॲकॅडमीचे. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून गावोगाव मोफत वाचनालयं उभी करायला घेतली, त्या बडोद्यात बसून हे फुकट वाचायला मिळणं मला फार मोलाचं वाटतं.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या एकत्रित वर्गणीच्या योजनेमुळे २०२५पासून सरकारी विद्यापीठांत आणि कॉलेजांत दोन्ही प्रकारची जर्नलं वाचायला मिळतात. त्यामुळे ‘आमच्या लायब्ररीत येतच नाही’ हा जुना मुद्दा आता निवडीत धरू नका. प्रश्न उरतो तो छापण्याचा.

सगळ्या सोसायट्या सारख्या नाहीत, हेही सांगायला हवं. १८७६ साली स्थापन झालेली अमेरिकन केमिकल सोसायटीही ट्रान्सफर सुचवते, तिचीही फी घेणारी जर्नलं आहेत. २०२३मध्ये तिने, पेपरचं स्वीकृत हस्तलिखित लेखकाला लगेच सगळ्यांसाठी खुलं ठेवायचं असेल तर, २,५०० डॉलरची आकारणी आणली. ती मला पटलेली नाही. आणि आचार्य प्रफुल्लचंद्र राय ज्या संस्थेचे पहिले अध्यक्ष होते, त्या इंडियन केमिकल सोसायटीचं जर्नल २०२१पासून एल्सेव्हिअर प्रसिद्ध करतं. म्हणून मुखपृष्ठावरच्या नावावर थांबू नका. मालक कोण, एडिटर कोण नेमतं, फी कोणाच्या खात्यात जाते, हे जर्नलच्या पानावर दहा मिनिटांत कळतं.

बढतीची किंवा थीसिसची तारीख अगदी तोंडावर असेल तर मोठ्या प्रकाशकाकडे जा. हातात सहाएक महिने असतील तर मी आधी सोसायटीकडे पाठवीन. काम नीटनेटकं पण लहान असेल तर ॲकॅडमीच्या जर्नलकडे. फीचं बोलणं गाईडशी सबमिट करण्याआधीच करून घ्या. ट्रान्सफरचं पत्र आलंच तर त्याच दिवशी बटण दाबू नका. नाकारलेला पेपर पूर्णपणे तुमचाच असतो, तो दुसऱ्या दिवशी हव्या त्या सोसायटीकडे पाठवता येतो.